पोटखराब्यातली हरणं



विटा, आटपाडी, तासगाव, खटाव, माण. एवढी गावं एका खोलीत बघायची तर गावाकडं यात्रेलाच जावं लागतं. बहुबाजार आणि बडाबाजारातल्या भट्ट्या विझवून तुम्ही आलात, म्हणून वेळेत संपवतो. जे व्हिडिओवर बघताहेत त्यांच्यासाठी सांगतो, की समोर बसलेली बहुतेक मंडळी गलाईवाली आहेत. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यानं सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातून देशभर गेलेली, पण सात-बारा गावाकडंच ठेवलेली. आजचा विषय त्या सात-बाऱ्याचाच आहे. त्यावर एक रकाना असतो, पोटखराबा. म्हणजे नांगराला न येणारा मुरमाड माळ. माझं म्हणणं एवढंच आहे, की गावातली हरणं त्या रकान्यावर जगतात आणि तो रकाना तुमच्या ताब्यात आहे.

आधी बसलोय त्या जागेबद्दल. एस्प्लनेड हा शब्द मुंबईकडच्यांना कोर्टामुळं ठाऊक असतो. त्याचा मूळ अर्थ किल्ल्यासमोर मुद्दाम मोकळी राखलेली जमीन. प्लासीनंतर, १७५८ पासून, इंग्रजांनी इथं नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. गोविंदपूर गाव उठवलं, झाडी साफ केली आणि किल्ल्याभोवती मैदान सोडलं. शत्रू लांबून दिसावा आणि तोफेच्या टप्प्यात यावा एवढाच हेतू. (त्याआधी १७४२ मध्ये त्यांनी आपल्याच भीतीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, मराठा डिच. तो अर्धवट राहिला, पुढं बुजवला आणि त्यावर सर्क्युलर रोड झाला. आणि आता लष्करानं फोर्ट विल्यमला विजयदुर्ग नाव दिलंय. इतिहासालाही विनोदबुद्धी असावी.) मुद्दा असा, की बाहेर जे हिरवं मैदान दिसतंय ते आपोआप राहिलेलं नाही. कुणाला तरी गोळी चालवायला मोकळी जागा हवी होती, म्हणून ते गवत राहिलं. बंगालच्या पावसात दहा वर्षं लक्ष दिलं नाही तर तिथं रान माजेल.

शिकारीच्या जमिनीचं तंत्र हेच आहे. आपण शिकार म्हटलं की बंदूक डोळ्यासमोर आणतो. बंदुकीची दुकानंही जवळच आहेत. इथून लालदिघीकडं चालत गेलात तर त्या भागात जुन्या पेढ्या होत्या, काही अजून आहेत. दाँ घराण्याची पेढी १८३५ ची. मँटन होती, रॉडा होती. १९१४ च्या ऑगस्टमध्ये याच रॉडा कंपनीची पन्नास माउझर पिस्तुलं आणि हजारो काडतुसं क्रांतिकारकांनी पळवली. साहेब, जमीनदार, संस्थानिक यांच्या शिकारीच्या बंदुका अशाच पेढ्यांतून जायच्या. पण बंदूक विकत मिळायची, सावज विकत मिळत नव्हतं. सावज हवं असेल तर जमीन राखावी लागायची. हे आपल्या संस्थानिकांना नीट कळत होतं.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. शाहू महाराजांच्या काळापासून तिथं चित्ते पाळून काळविटांची शिकार व्हायची. पुढं तर आफ्रिकेतून चित्ते आणले. चित्त्याला बैलगाडीत बसवून कळपाजवळ न्यायचं, कारण काळवीट गाडीला बुजत नाही. डोळ्यांवरची टोपी काढायची आणि सोडायचं. आता हा खेळ झाडीत होत नाही. चित्त्याला धावायला सपाट मोकळी जमीन लागते आणि काळविटालाही तीच लागते. म्हणून कुरण राखलं जायचं. पावसाळ्यात गुरं आत नाहीत, बी पडल्यावर गवत कापायचं, मग थोडी चराई. नांगर तर नाहीच. रयतेला त्याचा जाच होता, ते नाकारू नका. संस्थानिकाच्या हरणानं जोंधळा खाल्ला तर गोफण मारायचीही चोरी. पण जमीन राहिली. दाजीपूरचं जंगल आज आहे, राधानगरी अभयारण्य आहे, त्याच्या मुळाशी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रानच आहे.

अमेरिकेत हेच आज खासगी शेतकरी करतो. पांढऱ्या शेपटीचं हरीण तिथं विसाव्या शतकाच्या तोंडाशी फार थोडं उरलं होतं. आज ते तीन कोटींच्या आसपास असल्याचं सांगतात. जमीनमालक हरणांसाठी चाऱ्याचे पट्टे पेरतो. क्लोव्हर, सलगम, सोयाबीन, मका. पट्टा रानाच्या कडेला आणि लांबट, म्हणजे हरीण बिचकत नाही आणि मचाणावरून दिसतं. हंगामात तो शिकाऱ्यांना प्रवेश भाड्यानं देतो. हरीण त्याच्या मालकीचं नसतं, ते जनतेचं. तो विकतो तो फक्त आपल्या जमिनीवर पाऊल ठेवण्याचा हक्क. शिवाय १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो. हिशेब चोख आहे. दोष नाहीत असं नाही. ढीग घालून चारायला लागलं की हरणं एका जागी तोंड घालतात आणि रोग पसरतो. हरणांचा एक मेंदूचा रोग आहे, १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला, औषध नाही. त्या भीतीनं कित्येक राज्यांनी चारा टाकायला बंदी घातली.

आपल्याकडं हा हिशेब मांडताच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून काही जातींची शिकार करता यायची. त्याच्या आधी तर नागपुरात ऑल्विन कूपरसारखी कंपनी परदेशी पाहुण्यांना शिकारीला नेत होती. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकार संपली. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, मारलं तर तीन ते सात वर्षं. तेव्हा कुणाच्या मनात 'आपल्या माळावर हरणं वाढवू आणि पाहुण्यांना बोलावू' असं असेल, तर बंदुकीपुरतं ते इथंच सोडा.

हा कायदा बदलावा असं मला वाटत नाही. पण एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. शिकारी गेला आणि त्याच्याबरोबर जमीन राखण्यासाठी पैसा, माणूस, धाक खर्च करणाराही गेला. त्याच्या जागी आपण कुणाला उभं केलं? अभयारण्यात सरकार आहे. अभयारण्याबाहेर, तुमच्या पोटखराब्यावर, कुणीच नाही.

सरकारनं खासगी जमिनीवर कागदानं हे करायचा प्रयत्न केला होता. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आलं. लोकांना जमीन विकताना, बांधकाम करताना अडचणी. माळढोक म्हणजे शाप अशी भावना झाली. शेवटी क्षेत्र बाराशेच्या आसपास आणलं. माळढोक तोवर बोटावर मोजण्याइतका राहिला होता. पण त्याच नान्नजला दुष्काळी भाग कार्यक्रमात गवताचे तुकडे कुंपण घालून राखले होते, ते छोटे तुकडे खरे उपयोगी पडले. तिथं काळवीट आजही कळपानं दिसतं. साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या कागदापेक्षा राखलेला एक तुकडा बरा.

आता आपल्याच जिल्ह्यातलं सागरेश्वर. तुमच्यातल्या निम्म्यांनी शाळेच्या सहलीत बघितलंय. देवराष्ट्रे, ताकारी, त्या डोंगरावर झाड नव्हतं. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी ध्यास घेतला, लोक जमवले, झाडं लावली, जनावरं आणवली. १९८५ मध्ये अभयारण्य झालं, पावणेअकरा चौरस किलोमीटर. माणसानं बनवलेलं जंगल म्हणून त्याचं कौतुक होतं आणि ते योग्य आहे. पण चितळ, सांबर, काळवीट आत सोडले, भोवती जाळी घातली, आत वाघ नाही, लांडग्यांचे कळप नाहीत, शिकारी तर कायद्यानंच नाही. मग संख्या वाढणार. आणि जाळीच्या बाहेर काय आहे? कृष्णाकाठचा ऊस आणि द्राक्षं. उन्हाळ्यात आतलं गवत वाळलं की हरीण जाळीतली फट शोधतं. त्या गावांतला शेतकरी वर्षानुवर्षं तक्रार करतोय आणि त्याचं म्हणणं खरं आहे. मोहित्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण हरणं आणून जमीन होत नाही. जमीन ठेवली, तर जेवढी मावतील तेवढी हरणं आपली आपण येतात.

थोडं जनावराबद्दल, कारण आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो. चितळ, सांबर ही खरी हरणं, शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. त्यांना झाडी लागते, पाणी लागतं. काळवीट आणि चिंकारा कुरंगवर्गातले, शिंगं कायमची. काळवीट गवत खातो आणि लांबवर नजर पोचेल अशी जागा मागतो. दाट झाडीत तो राहत नाही. चिंकारा झुडपांचा पाला, बोरं, हिवराच्या शेंगा खातो आणि पाण्यावाचून कितीतरी दिवस काढतो. माणदेशचा माळ या दोघांसाठीच जणू बेतला आहे. पाऊस कमी, माती उथळ, अधूनमधून बोर-हिवर. त्यात आपल्या धनगरांची मेंढरं शेकडो वर्षं चरत आली, म्हणून झुडपं माजली नाहीत. हा माळ म्हणजे कमी पाऊस, मेंढरं आणि नांगर न लागणं या तिन्हींचं मिळून झालेलं काम आहे.

तिन्ही बदलताहेत. टेंभूचं पाणी आलं. आपल्या बापजाद्यांनी ज्या पाण्यासाठी गाव सोडलं ते पाणी शेतात खेळतंय, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण पाणी आलं की डाळिंब आलं, डाळिंबासाठी जेसीबी आला, आणि जेसीबी मुरमाड माळ फोडून त्यावर गाळाची माती पसरतो. वर्ग 'अ' पोटखराबा लागवडीखाली आणला तर तशी नोंदही करून घेता येते. उरलेल्या माळावर पवनचक्की, सौरऊर्जेची पत्रं, नाहीतर वृक्षारोपण. आणि तुम्ही कोलकात्यात. दलालाचा फोन येतो, 'दादा, तो माळ पडूनच आहे, देऊन टाका.' पडून आहे हे त्याचं म्हणणं. त्याला तिथलं गवत दिसत नाही.

तर द्यायचा नसेल, राखायचा असेल, तर काय करायचं? एकट्याचे पाच एकर राखून काळविटाचा कळप येणार नाही. पण तुमच्यातच एका गावचे, एका शिवाराचे चार-सहा खातेदार बसलेत. बांधाला बांध लागून तीस-चाळीस एकर होतात. सुरुवात तिथून.

नांगरू नका, ही पहिली गोष्ट. मारवेल, पवन्या, डोंगरी ही गवतं एकदा मुळासकट गेली की परत यायला माणसाचं आयुष्य लागतं. जिथं ती गेलीत तिथं आधी कुसळी येते, तीही चालेल, तिच्यावर हसू नका. नुसतं गाजरगवत असेल तर मात्र ते फुलायच्या आत उपटा.

झाडं लावू नका. हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण शाळेपासून आपल्याला उलटं शिकवलंय. गिरिपुष्प, सुबाभूळ, नीलगिरी माळावर ओळीनं लावली की काळवीट निघून जातं; त्याला दूरचं दिसत नाही. आहे ती बोर, हिवर, बाभूळ राहू द्या. वेडी बाभूळ मात्र काढा. तिच्या शेंगा हरणं आणि मेंढरं आवडीनं खातात आणि लेंड्यांतून तिचं बी सगळीकडं पेरतात. दोन-तीन वर्षं मागं लागावं लागेल. वरून तोडली तर फुटते, बुडख्यापासून खणावी लागते. तो सरपण म्हणून कुणी फुकट नेईल, फक्त नेणाऱ्याला मूळ खणायची अट घाला.

अमेरिकेसारखा चाऱ्याचा पट्टा पेरायचा का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. नको. आपल्याकडं राखलेलं गवत हाच चाऱ्याचा पट्टा. मका-लसूणघास पेरून हरणाला ओल्या पिकाची चटक लावाल आणि ते तुमच्या पट्ट्यावरून शेजाऱ्याच्या शेतात जाईल. त्याचा शिव्याशाप तुम्हाला. मोकळ्या माळावर टाकीत पाणी भरून ठेवायचाही फार सोस नको. टाकीवर आधी भटकी कुत्री येतात.

चराईबद्दल नीट ऐका, कारण इथं लोक चुकतात. राखणं म्हणजे मेंढरं हाकलणं नव्हे. अर्धा माळ मृगापासून दिवाळीपर्यंत बंद, अर्धा उघडा. पुढच्या वर्षी उलट. गवताचं बी पडलं की कापणी, आणि मग मेंढरं आत. ज्या धनगराची वाट तुमच्या माळावरून पिढ्यान्पिढ्या जाते त्याच्याशी आधी बोला. त्याला बंदी कळली नाही तर तो रात्री येईल, आणि बोललात तर तोच तुमचा राखणदार होईल. तो माळावर असतो, तुम्ही नसता. गवत विकून जे चार पैसे येतील त्यात त्याचा वाटा धरा. लांडगा आला तर तोही त्यालाच पहिल्यांदा दिसणार. लांडगा हा या माळावरचा उरलेला शिकारी. हरणाची संख्या आवरायला तो लागतो. त्यानं मेंढरू मारलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पण पंचनामा लागतो, आणि कागदाच्या कामात धनगराला तुमच्यासारख्याची मदत लागते. तो अर्ज मोबाइलवरून तुम्ही इथं बसून भरू शकता.

शेजाऱ्याच्या पिकाचं काय, हा सगळ्यात अवघड भाग आहे, आणि गोड बोलून तो सुटत नाही. हरीण तुमच्या माळावर राहणार आणि हरभरा त्याचा खाणार. बंदुकीचा मार्ग आपल्या कायद्यानं अगदीच बंद केलेला नाही. शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. सिंधुदुर्गात अशा शेतीसंरक्षण परवान्याच्या बंदुका घराघरात असतात, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात. पण ती बंदूक आवाजासाठी. रानडुकराला आणि रोह्याला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. इथून पाटण्याकडं जाताना गंगेकाठी मोकामा लागतं. तिथं २०१६ च्या जूनमध्ये सरकारनं हैदराबादहून नेमबाज आणून दोनशेच्या वर रोही मारले. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री त्यावरून एकमेकांवर उघड बोलले. शेतकऱ्याचा जीव त्या हंगामापुरता थंडावला असेल. पण गोळीनं संख्या उतरते, आणि खायला पीक आणि लपायला झाडोरा तसाच असेल तर ती पुन्हा चढते.

काळवीट-चिंकाऱ्याला तर हाही मार्ग नाही, आणि नसावा. मग शेजाऱ्याला काय द्यायचं? तुमच्या राखलेल्या गवताचा पहिला हक्क त्याच्या गुरांना द्या. त्याचं पीक गेलं तर त्याच दिवशी वनखात्याला कळवायला त्याच्याबरोबर तुमचा माणूस उभा राहू द्या. आणि त्यानं तारेत वीज सोडली असेल तर भांडायच्या आधी जाऊन बोला. त्या तारेनं हरणाआधी पोरं मरतात. गुन्हा तर आहेच.

पैसा येईल का? थोडा. पुणे वनविभागानं कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी चालवली आहे. चिंकारा, लांडगा बघायला लोक पैसे देऊन येतात, गावातली पोरं वाटाड्याचं काम करतात. ती वनखात्याची जमीन. खासगी माळावर वन्यजीव कायद्यातच २००२ च्या दुरुस्तीनं समुदाय राखीव क्षेत्राची सोय आहे. मालकानं स्वतःहून द्यायचं, मालकी त्याचीच राहते. पण त्यात मालकाला मोबदल्याचं काही ठरलेलं नाही, आणि जमीन वापरण्यावर बंधनं मात्र येतात. नान्नजचा अनुभव घेतलेला माणूस सही करताना दहादा विचार करणार. माझं मत विचाराल तर आधी पाच वर्षं आपसात राखा, सरकारी कागदावर नंतर जा. आणि मागणी एकच करत राहा. नांगरलेल्या जमिनीला अनुदान आहे, ठिबकला आहे, फळबागेला आहे. न नांगरलेल्या पोटखराब्यालाही एकरी काही द्या. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला जे शिकाऱ्याकडून मिळतं ते इथं आपल्या शेतकऱ्याला कुणाकडून तरी मिळालं पाहिजे. फुकटात पुण्य करायला सांगून माळ राहणार नाही.

शेवटचं काम विहिरींचं, आणि ते सगळ्यात स्वस्त आहे. पोटखराब्यातल्या जुन्या विहिरी, ज्यांना कठडा नाही आणि ज्यांचा उपसा थांबलाय, त्यांत दरवर्षी काळवीट, चिंकारा, लांडगा, कोल्हा पडून मरतात. रात्री कुत्री मागं लागली की ती सरळ आत जातात. मोडक्या तालीचे दगड तिथंच पडलेले असतात. गवंड्याचं चार-पाच दिवसांचं काम. कठडा जमत नसेल तर निदान आत उतरती दगडी वाट किंवा जाड जाळी टाका. गावी तुम्ही दिवाळीला जाणार, पण पाऊस त्याच्या आधी येतो आणि ढासळलेल्या काठावर गवत वाढलं की विहीर दिसत नाही. तेव्हा हे भावाला फोनवर सांगून टाका, विहिरीचा फोटो मागवा, आणि मग गवंड्याचे पैसे पाठवा. फोटोच्या आधी नको.

चला, आता प्रश्न. मागच्या रांगेतले काका मघापासून हात वर करून बसलेत, आधी ते.